नॅपकिनची वही

"7.10 – घराबाहेर. निळा ड्रेस, पिवळी ओढणी. 7.14 – रिक्षा, एकटी. 7.31 – कॉम्प्युटर क्लास. 9.05 – बाहेर. मैत्रीण सोबत. चहा. पैसे मैत्रिणीने दिले. मूड ओके."

अशा नोंदींनी भरलेली शंभर पानी वही 2024 च्या डिसेंबरात एका दुपारी माझ्या टेबलावर येऊन पडली. दहावीतल्या मुलाच्या दप्तरात सापडलेली. वर्गशिक्षिका चिडलेल्या होत्या. "हा पोरींच्या मागं लागलाय मॅडम. आज वही सापडली, उद्या पोलीस येतील. तुम्ही एकदा बोला, नाहीतर आम्ही टी.सी. देऊन मोकळे होतो." गणितात 78 मिळवणारा मुलगा चाचणीत 41 वर आला होता, तेही त्यांनी त्या वहीच्याच खात्यात टाकलं.

सोलापुरातल्या एका शाळेत मी आठवड्यातून दोन दिवस समुपदेशक म्हणून जाते. हे प्रकरण लिहायला मुलाची आणि त्याच्या आईची हरकत नाही. ओळख पटेल असं सगळं मी बदललं आहे. तुझं नाव काय घालू, असं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "नॅपकिन घाला." ते त्याचं कामावरचं नाव होतं. ठेवणाऱ्याचं म्हणणं असं, की सोलापुरात चादर बघायला लोक थांबतात, दर विचारतात; नॅपकिनकडे कोण बघतंय?

पहिल्या दोन भेटी मी वाया घालवल्या. वर्गशिक्षिकेने दिलेला चष्मा मी तसाच डोळ्यांवर चढवला होता. मुलींचा आदर, वाढीचं वय, मोबाइल, सगळं बोलून झालं. तो खुर्ची जराशी तिरकी करून बसायचा आणि प्रत्येक प्रश्नाला सभ्यपणे उत्तर द्यायचा. त्या उत्तरांत काहीच नसायचं. माझ्या फाइलमध्ये तेव्हाची ओळ आहे: "पश्चात्ताप दिसत नाही. भावना दाबतो." खुर्ची तिरकी का करतो हे मी विचारलंच नाही. दार दिसावं म्हणून, हे त्याने नंतर सांगितलं.

तिसऱ्या भेटीत मी यायच्या आधीच तो बाकावर बसला होता. म्हणाला, "मॅडम, गाडी अजून गॅरेजलाच का?"

माझी स्कूटी खरंच दुरुस्तीला होती. शाळेत मी हे कुणालाच बोलले नव्हते.

"दोन मंगळवार तुम्ही दहा मिनिटं उशिरा आलात. हातात हेल्मेट नव्हतं. सँडलला पाइपलाइनच्या खड्ड्याची माती होती, म्हणजे रिक्षा कोपऱ्यावर सोडून चालत आलात." मग थोडं थांबून, "डाव्या सँडलचा पट्टा शिवून घेतलाय तुम्ही. काळ्या दोऱ्यानं. लोक कपडे बदलतात, गाडी बदलतात. चप्पल कुणी बदलत नाही. म्हणून आधी पाय बघायचे."

"कुणी शिकवलं तुला हे?"

तो दाराकडे बघत राहिला. बाहेर शिपाई घंटा द्यायला निघाले होते. घंटा होऊन गेली, पोरांचा गलका झाला, तो विरला, आणि मग म्हणाला, "मामानं."

मामाचा धंदा

मामा आधी एका फायनान्सची वसुली करायचा. गाड्या ओढून आणायचं काम. त्यातून माणूस शोधायची सवय लागली, आणि पाचेक वर्षांपूर्वी त्याने झेरॉक्सच्या दुकानावरच्या माळ्यावर चौकशीचा धंदा उघडला. बोर्डावर कंपन्यांची फसवणूक, हरवलेल्या व्यक्ती वगैरे सगळं आहे. खरं उत्पन्न लग्नाच्या चौकशांचं. तुळशीचं लग्न लागलं की फोन सुरू.

या धंद्याला आपण नाकं मुरडतो, पण तो आपणच उभा केला आहे. पूर्वी स्थळ आलं की कुणाची तरी आत्या त्या गल्लीत चार घरं फिरून यायची. बोहारणीला, दूधवाल्याला विचारलं की काम व्हायचं. आता मुलगा पुण्यात, मुलगी सोलापुरात, आत्या बंगळुरूला नातवाकडे. मग आत्याचं काम मामाकडे गेलं. मामाचा छापील फॉर्म मी पाहिला आहे. शिक्षण, पगार, कर्ज, मित्रमैत्रिणी, "आधीचं काही", आणि खाली एकाच चौकटीत: कोड, फिट, दमा, इतर.

अशा धंद्याला परवाना लागतो का? लागत नाही. खासगी सुरक्षारक्षक पुरवणाऱ्यांसाठी 2005 चा कायदा आहे, पण चौकशी करणारे त्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी 2007 मध्ये राज्यसभेत विधेयक आलं, त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे रस्त्यावर भजीची गाडी लावायला जेवढे कागद लागतात, तेवढेही दुसऱ्याच्या मुलीच्या मागे माणूस लावायला लागत नाहीत.

भाच्याचं शिक्षण मे महिन्याच्या सुट्टीत खेळ म्हणून सुरू झालं. दत्त चौकातून नवी पेठेपर्यंत चालत जायचं आणि कुठली शटर बंद होती ते सांगायचं. पार्क चौकात अर्धा तास उभं राहायचं, मग डोळे मिटून तिथल्या पाच माणसांचं वर्णन करायचं. पुढचा धडा मामाचाच पाठलाग. मधल्या मारुतीपासून टिळक चौकापर्यंतच्या गर्दीत मामा तीनदा निसटला. चौथ्यांदा पोरगा कँटीनवर पोचला तेव्हा टेबलावर दोन चहा होते, आणि त्याच्या चहावर अजून साय धरली नव्हती. "म्हणजे मी येणार हे त्याला मिनिटासकट माहीत होतं मॅडम." हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे होतं, ते शाळेतल्या कुठल्या बक्षिसाने आलेलं मी पाहिलेलं नाही.

नियमही होते. त्याच फूटपाथवरून मागे जायचं नाही. तो वळला तर थांबायचं नाही, त्याला ओलांडून पुढे जायचं. डोळ्याला डोळा द्यायचा नाही. आणि हातात कायम काहीतरी पाहिजे. "रिकाम्या हाताचा माणूस संशयित असतो. कोथिंबिरीची जुडी घेतली की तो गल्लीतलाच."

मामाने त्याला का निवडलं याचं उत्तर सोलापूर माहीत असलेल्याला सांगावं लागणार नाही. पोरगा पूर्व भागातला, अशोक चौकाच्या बाजूचा. घरी तेलुगू, शेजारी कन्नड, शाळेत मराठी, मैदानावर दखनी हिंदी. इथल्या अर्ध्या मुलांना हे येतं आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. मामाला वाटलं. दिवसाला 300 रुपये, शिवाय दत्त चौकाजवळच्या नामांकित क्लासची फी मामा भरणार. आई घरी विड्या वळते, वडील यंत्रमागावर. भावाने लेकराच्या शिक्षणाची जबाबदारी उचलली म्हणून आईने त्याला राखीपौर्णिमेला सोन्याचं पाणी दिलेलं कडं घातलं होतं. मुलगा सात वाजता क्लासला म्हणून निघायचा. आठवड्यातले तीन दिवस तो क्लासलाच जायचा, हेही खरं.

मामा बहिर्जी नाईकांच्या गोष्टी सांगायचा. सुरतेची खडान्‌खडा माहिती आधी बहिर्जींनी आणली, मगच 1664 ची स्वारी झाली, वगैरे. बहिर्जी कुणाच्या घरी पाहुणे म्हणून जेवून तिथल्या पोरीच्या गोळ्या मोजत नव्हते, एवढं मामा सांगायचा नाही. त्याला इतिहासातूनच दाखला हवा असता तर कौटिल्य जास्त जवळचा होता. अर्थशास्त्रात हेरांचे प्रकार दिले आहेत, त्यातला पहिलाच 'कापटिक', आणि त्याची व्याख्या आहे: दुसऱ्यांची मर्मं जाणणारा धीट विद्यार्थी. पुढे 'सत्री' येतात, म्हणजे ज्यांना कुणी नाही आणि ज्यांना राज्याने पोसायचंच आहे अशी मुलं. त्यांना शिकवून याच कामाला लावायचं. विद्यार्थ्यावर कुणी संशय घेत नाही आणि फी भरणाऱ्याला तो नाही म्हणत नाही, हे दोन हजार वर्षांपासून माहीत आहे.

बाळीवेशीतलं घर

ऑक्टोबरात पुण्याच्या एका स्थळाकडून काम आलं. मुलगी बाळीवेशीच्या आतल्या गल्लीत राहणारी. तिचा धाकटा भाऊ दहावीत, योगायोगाने त्याच क्लासला. मामाच्या भाषेत ज्याच्यातून घरात शिरायचं त्याला 'दार' म्हणतात. नॅपकिनला सांगण्यात आलं, की हे तुझं दार.

दार उघडायला तीन आठवडे लागले. आधी वही मागणं, मग क्लासनंतर एकत्र चालणं. मित्राच्या गल्लीत काठ्यांचा सराव असायचा. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे उंच मानाच्या काठ्या निघतात, पांढऱ्या बाराबंदीतले लोक ते पेलत नेतात, हे सोलापूरच्या बाहेरच्यांनी फोटोत पाहिलं असेल. पण त्या आधी कित्येक रात्री गल्लीबोळांत सराव चालतो, तो पाहिलेला नसतो. मोठी माणसं झाल्यावर पोरांच्या हातात लहान काठी येते. मित्राने याला ओढत नेलं.

"काठी धरली की शेंड्याकडे बघावं लागतं मॅडम. नजर खाली आली की काठी गेली. आजूबाजूला कोण आहे ते बघताच येत नाही." मी गप्प राहिले. तो म्हणाला, "मे महिन्यापासून पहिल्यांदा मी आजूबाजूला बघत नव्हतो."

त्या रात्रीची नोंद वहीत नाही. मी मुद्दाम शोधली. आधीच्या दिवसाची आहे, नंतरच्या दिवसाची आहे, ती रात्र कोरी.

पण बाकीचं सगळं आहे. "रविवार. जेवण 1.15 ते 1.50. कडक भाकरी, शेंगा चटणी, दही. त्यांनी आग्रह केला. ताई वाढत होती. हात स्थिर." हात स्थिर! पंधरा वर्षांच्या मुलाने मित्राच्या घरी पंगतीत बसून बहिणीच्या हाताकडे असं बघायचं, कारण फॉर्मवर चौकट आहे.

पाणी प्यायला तो स्वयंपाकघरात गेला तेव्हा फळीवर, साखरेच्या डब्यामागे गोळ्यांची पाकिटं होती. नाव त्याने पाठ केलं, बाहेर येऊन मोबाइलवर पाहिलं. फिटच्या गोळ्या.

इथे एक कायद्याची गोष्ट सांगून टाकते, कारण शिकलेल्या घरांतही ती माहीत नसते. हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या अटींमध्ये पूर्वी अपस्माराचा, म्हणजे फिटचा, उल्लेख होता. 1999 च्या दुरुस्तीने तो काढून टाकला. संसदेने पंचवीस वर्षांपूर्वी पुसलेली चौकट मामाच्या फॉर्मवर अजून ठळक छापलेली आहे, कारण गिऱ्हाईक ती मागतं.

नॅपकिनने रिपोर्ट लिहिला: "तब्येत चांगली. काही नाही."

आयुष्यातला पहिला खोटा रिपोर्ट. त्याला वाटलं, सुटलो. पण मामा मुरलेला माणूस. त्याने वही मागून घेतली आणि पहिल्या आठवड्यातली एक ओळ बोटाने दाखवली. तेव्हा दोस्ती नव्हती, नुसता पाठलाग होता: "5 तारीख. वडील मेडिकल. जुनी चिठ्ठी दाखवली. दुकानदाराने न विचारता काढून दिलं." पुढच्या महिन्याच्या 5 तारखेला मामा स्वतः त्या दुकानात उभा राहिला. पुण्याचं स्थळ फिरलं. मामाने भाच्याला एक थोबाडीत दिली आणि 300 रुपयेही दिले, कारण माहिती शेवटी त्याच्याच वहीतून मिळाली होती.

चाचणी त्याच आठवड्यात होती.

माझ्याकडून झालेलं

आमच्या प्रशिक्षणात अशा मुलांबद्दल सांगतात, की त्यांच्यावर दडपण असतं, भीती असते. नॅपकिनला भीती फारशी नव्हती. त्याला काम आवडत होतं. "शाळेत मी 41 वाला. तिथं मामा फोनवर सांगायचा, 'माझा माणूस बघून आलाय.' माझा माणूस, मॅडम." हे आवडणं बाजूला ठेवून मी काही बोलले असते तर तो उठून गेला असता, आणि बरोबरच केलं असतं. त्याची ओढाताण चांगलं आणि वाईट यांच्यात नव्हती. एका ठिकाणी तो कुणीतरी होता पण कुणाला सांगता येत नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी सगळं सांगता येत होतं पण तो कुणीच नव्हता.

मी त्याला सुचवलं, की रविवारी काही हेतू न ठेवता क्रिकेट खेळायला जा. तो गेला. मंगळवारी येऊन त्याने अकराच्या अकरा पोरांचा अहवाल दिला: कुणाच्या घरी भांडण चालू आहे, कोण नवे बूट उधारीवर घेऊन आलाय, कोण कुणाचा डबा खातो. "मी बघत नव्हतो मॅडम. दिसतं."

आणि मग मी ते केलं, जे लिहायचं की नाही यावर बरेच दिवस घालवले. दहावी ब मध्ये गुटख्याच्या पुड्या सापडत होत्या. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, मिळतो मात्र सगळीकडे. मुख्याध्यापक हैराण होते. बोलता बोलता मी नॅपकिनला म्हटलं, "तुझ्या तर लक्षात आलंच असेल, कोण आणतं ते."

त्याने क्षणाचाही वेळ घेतला नाही. तीन नावं, कुठली टपरी, कुठल्या सुट्टीत, कुणाच्या सॉक्समध्ये. मी लिहून घेतलं. पेन खाली ठेवलं तेव्हा त्याने अगदी सहज विचारलं, "हे किती दिवसांचं काम धरायचं मॅडम?"

तो चिडवत नव्हता. खरंच विचारत होता.

तो कागद मी फाडला, पण त्याच्यासमोर नाही. समोर फाडायची हिंमत झाली नाही. घरी जाताना रिक्षात आठवत राहिलं: वर्गात कोण बोलतंय त्यांची नावं फळ्यावर लिहायला मॉनिटर लावणारे आम्ही. ताईबरोबर बाजारात धाकट्याला "सोबत म्हणून" पाठवणारे आणि परत आल्यावर आधी धाकट्याला विचारणारे आम्ही. "बाबा फोनवर कुणाशी बोललालेत, जरा बघून ये." घराघरात हे शिक्षण फुकट चालू असतं. मामाने त्याला शिस्त लावली आणि दर ठरवला.

मामा शाळेत

जानेवारीत आई आणि मामा दोघांना बोलावलं. मुख्याध्यापक, मी, मुलगा. मामा इस्त्रीच्या शर्टात, हातात फाइल. नमस्कार केला, मला कार्डही दिलं. म्हणाला, "मॅडम, घरचा धंदा आहे. भाचा मदत करतो. मामा म्हणजे कुटुंबच, कायद्यातच लिहिलंय."

यात तो चूक नव्हता. बालकामगार कायद्यातली 2016 ची दुरुस्ती चौदा वर्षांखालच्या मुलाला शाळेच्या वेळेबाहेर कुटुंबाच्या उद्योगात मदत करू देते, आणि त्यातल्या कुटुंबाच्या व्याख्येत आईचा भाऊ आहे. चौदा ते अठरासाठी तर फक्त धोकादायक कामांना मनाई आहे: खाणी, स्फोटकं, तसली कामं. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातली फळी वाचणं त्या यादीत नाही. कोर्टात काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मी आधीच विचारून ठेवलं होतं. ती म्हणाली होती, रस्त्याने मागे चालणं पकडायला जाऊ नकोस, तिथे तो सुटेल. मोबाइलचं बघ.

मोबाइलमध्ये होतंच. मुलीचं इन्स्टाग्राम खातं खासगी होतं, म्हणून एका काल्पनिक मैत्रिणीच्या नावाने खातं काढून त्यातून तिच्यावर नजर ठेवली गेली होती. भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये स्त्रीच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं पाठलागाच्या गुन्ह्यात येतं. आणि कलम 95 सांगतं, की अठरा वर्षांखालच्या मुलाला गुन्हा करण्यासाठी कामाला लावलं तर लावणाऱ्याला किमान तीन आणि कमाल दहा वर्षांची कैद. मी कलमं वाचून दाखवली. मामा म्हणाला, "ते खातं त्यानं त्याच्या डोक्यानं काढलं. मला काही माहीत नाही."

मुलगा खाली बघत बसला होता. मामा गेल्यावर म्हणाला, "खोटं बोलताना मामा डाव्या पायाची चप्पल काढतो. आज दोन्ही काढल्या होत्या."

पोलिसांत जायला हवं होतं का? माझ्या दोन सहकाऱ्यांचं मत आजही हो असंच आहे. मी गेले नाही. आईला भाऊ एकच, आणि तक्रारीत पहिला जबाब मुलाचा असता; पुन्हा त्यालाच कुणाची तरी माहिती पुरवायला बसवावं लागलं असतं. मामाने लेखी दिलं की भाच्याला कामावर घेणार नाही. वही मुलाला परत हवी होती, मामालाही. ती मुख्याध्यापकांच्या कपाटात गेली.

मामाने कामाबरोबर क्लासची फीही थांबवली. दुसऱ्या दिवशी आई एकटीच आली. बोटांना तंबाखूचा वास, डोळे सुजलेले. "मॅडम, तुम्ही बरोबर असाल. पण फेब्रुवारीत परीक्षा आहे. आता फी तुम्ही भरणार का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. गणिताच्या सरांनी पुढे त्याला शाळा सुटल्यावर बसवून घेतलं. पण त्या दिवशी तरी एका बाईचा आधार मी काढून घेतला होता आणि तिच्या हातात सल्ला ठेवला होता.

उठता उठता ती दारात घुटमळली. पदराशी चाळा करत हळूच म्हणाली, "एवढं सगळं येतं म्हणता त्याला... तर ह्यांचं जरा बघायला सांगता का? महिना झाला, शिफ्ट सुटल्यावर दोन तास कुठं जातात कळेना."

ब्रिटनमध्ये पोलीस आणि इतर यंत्रणा अल्पवयीन मुलांना खबरी म्हणून अधिकृतपणे वापरू शकतात. 2015 ते 2018 या चार वर्षांत अशी 17 मुलं वापरली गेली, त्यातलं एक पंधरा वर्षांचं, हे तिथल्याच देखरेख कार्यालयाने सांगितलं, आणि त्यावर न्यायालयापर्यंत वाद गेला. मुलांच्या बाजूचे लोक हरले. पण त्या नियमांतही एक ओळ आहे: सोळाखालच्या मुलाला त्याच्या आईवडिलांवर लावायचं नाही. मी आईला ब्रिटनबद्दल काही बोलले नाही. "नको," एवढंच म्हटलं. तिनेही लगेच मान हलवली, जणू मीच काहीतरी भलतं सुचवलं होतं.

मित्र

राहिला मित्र. त्याला काहीच माहीत नव्हतं. ताईचं लग्न का मोडलं याचा घरात अंदाज होता, वाट कुठून फुटली हे ठाऊक नव्हतं. नॅपकिनला सांगून टाकायचं होतं. मी म्हटलं, परीक्षा होऊ दे, मग बघू. माझा हिशेब दोन मुलांच्या दहावीचा होता.

त्याने परीक्षेच्या आठ दिवस आधी कंबर तलावाच्या काठी मित्राला बोलावून सगळं सांगितलं. मित्राने शर्टाची कॉलर धरून दोन लगावल्या, आणि मग, त्याच्याच शब्दांत, "मारणं थांबवून" विचारलं, "म्हणजे आईच्या हातचं जेवलास, ते पण कामात धरलास का बे?"

तो म्हणाला, हो.

त्या रविवारचे 300 रुपये खरंच मिळाले होते. त्याला नाही म्हणता आलं असतं. मी तेव्हा तिथे असते तर कदाचित नाही म्हण, असंच सुचवलं असतं. दहावीला त्याला 61 टक्के पडले, आणि जूनमध्ये तो शाळेतून बाहेर पडला. माझ्या नोंदीत प्रकरण बंद झालं. ताई पुण्यात नोकरी करते असं कानावर आलं, त्याहून जास्त मी विचारलं नाही.

2026 च्या जानेवारीत गड्डा भरला तेव्हा संध्याकाळी मी पार्क चौकात होते. सोलापूरची सगळ्यात मोठी जत्रा एका लग्नाचीच: कुंभाराच्या मुलीचं सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लागलेलं, सम्मती कट्ट्यावर अक्षता पडतात ते. चौकशीविना झालेलं असावं. गर्दीत मला नॅपकिनची पाठ दिसली. उंची वाढली होती. शेजारी एक मुलगा चालत होता, खांद्याला खांदा लावून, आणि मला वाटलं, हा बाळीवेशीतलाच असणार. खात्री नव्हती. मी त्याला एकदाच, शाळेच्या फाटकाबाहेर पाहिलं होतं.

हाक मारायला हवी होती. मी तोंडाला स्कार्फ गुंडाळला आणि मागे निघाले. होम मैदानापर्यंत, मधे पाचसहा माणसं ठेवून, दुसऱ्या बाजूने. पाळण्यांजवळ ते थांबले तेव्हा मीही एका बांगड्यांच्या दुकानाशी थांबले. मित्राने याच्या पाठीत धपाटा घातला, दोघं हसले. मित्र तिकिटाच्या रांगेत गेला. मी बांगड्यांवरून नजर वर केली तर तो समोर उभा.

"पार्क चौकापासून आहात मॅडम."

मी स्कार्फ खाली केला. काय बोलावं सुचेना. त्याने माझ्या पायांकडे बघितलं. डाव्या सँडलचा काळा दोरा अजून तसाच होता.

मग हातातली शेंगांची पुडी त्याने माझ्या हातात दिली. "रिकाम्या हातानं गड्ड्यात कोण फिरतं?" म्हणाला, आणि रांगेकडे पळाला.